खुल्या रानातलं हेंप: पेरणीच्या तोंडावर काय पाहायचं

पेरणीला महिना-दीड महिना उरला की प्रश्न सुरू होतात. बी कोणतं घेऊ, खत किती टाकू, फवारणी कशाची करू. हेंपच्या, म्हणजे धागा आणि बियांसाठी लावायच्या औद्योगिक भांगेच्या बाबतीत, हे प्रश्न जरा मागे ठेवा असं मी सांगेन. काचघरात उजेड, हवा आणि ओल माणसाच्या ताब्यात असते. खुल्या रानात यातलं काहीच ताब्यात नसतं. उरतात दोनच निर्णय, रान कोणतं आणि तारीख कोणती, आणि दोन्ही बी जमिनीत पडायच्या आधीच घ्यावे लागतात. या पिकाचा मधला काळ बऱ्यापैकी आपोआप पार पडतो. ते बिघडतं ते पहिल्या महिन्यात, नाहीतर शेवटच्या महिन्यात. म्हणून खाली या दोन टोकांवरच जास्त लिहिलं आहे.

आधी परवाना

हे झाड आणि नशेची भांग एकाच जातीची. पान तेच, वासही तोच, नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. त्यामुळे अनेक देशांत परवान्याशिवाय एक झाड लावणं हासुद्धा गुन्हा ठरतो. परवाना हातात आल्याशिवाय बियाण्याचे पैसे मोजू नका. जिथे लागवडीला मुभा आहे तिथेही नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकाची मर्यादा असते. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने ती कोरड्या वजनाच्या ०.३ टक्के ठरली. युरोपीय संघात ती ०.२ टक्के होती, २०२३ पासून ०.३ टक्के झाली. ही मर्यादा पाळायची तर सुरुवात बियाण्यापासून होते. प्रमाणित वाणाचंच बी घ्या, पिशवीवरचा टॅग आणि पावती जपून ठेवा. ओळखीतल्या कुणाकडून आणलेलं घरचं बी कितीही जोमदार दिसलं, तरी त्यातून उभं राहणारं पीक कुठल्या मर्यादेत बसेल हे कुणीच सांगू शकत नाही.

रान निवडताना

हेंप कुठेही येतं, पड जमिनीतही येतं, असं सर्रास बोललं जातं. हा समज शेतकऱ्याचं फार नुकसान करतो. रानटी झाड उकिरड्यावर उगवतं हे खरं, पण उकिरडा म्हणजे भुसभुशीत, नत्राने भरलेली आणि निचऱ्याची जागा. पिकालाही तेच हवं असतं. सामू ६ ते ७.५, मध्यम पोताची जमीन, भरपूर सेंद्रिय पदार्थ आणि सगळ्यात आधी निचरा. चिबड रानात हे पीक घेऊच नका. मोठं झाड एखाद्या वेळी पाण्यात तग धरेल, पण तीन आठवड्यांच्या आतलं रोप दोन-तीन दिवस पाणी साचलं की पिवळं पडतं, आणि त्यातून सावरलं तरी शेवटपर्यंत खुजं राहतं.

रान पसंत करण्याआधी फावडं घ्या आणि दोन-तीन ठिकाणी गुडघाभर खड्डा खणा. मागच्या हंगामातल्या एखाद्या सोटमूळ असलेल्या पिकाचं धसकट सापडलं तर अलगद उपटून पाहा. मूळ सरळ खाली गेलेलं असेल तर प्रश्न नाही. पण वीतभर खाली जाऊन ते कोयत्यासारखं आडवं वळलं असेल, तर तिथे ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबलेला कडक थर आहे. हेंपचं मूळही तिथेच वळेल. मग वर चांगला पाऊस होऊनही पीक तहानलेलं राहील आणि वाऱ्याने लोळेल. हा थर पेरणीआधीच, जमीन कोरडी असताना फोडायचा. ओल्या जमिनीत खोल नांगरट केली तर तो आणखी घट्ट होतो.

माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबरोबर जड धातूही तपासून घ्या. या झाडाला कॅडमियम, शिसं, निकेल जमिनीतून ओढून घेण्याची सवय आहे. ती इतकी पक्की की १९९८ मध्ये चेर्नोबिलच्या परिसरातली दूषित जमीन साफ करता येते का हे पाहण्यासाठी हेंप लावून बघितलं गेलं. जमीन साफ करायला हा गुण चांगला, पण बी खाण्यासाठी विकायचं असेल तर हाच गुण अंगाशी येतो. कारखान्याचं सांडपाणी मिळत असलेलं रान किंवा जुन्या खाणीशेजारचा तुकडा सोडून द्या.

बेवड, म्हणजे आधीचं पीक, पाहताना एकच गोष्ट कटाक्षाने पाळा. सूर्यफूल, मोहरी, सोयाबीन किंवा घेवड्यावर हेंप घेऊ नका. स्क्लेरोटिनिया ही पांढरी बुरशी या सगळ्यांना सारखीच लागते. मेलेलं खोड उभं चिरलं तर आत कापसासारखी बुरशी आणि उंदराच्या लेंड्यांसारखे काळे कडक गोळे दिसतात. ते गोळे जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. तृणधान्यावर पेरा, आणि त्याच रानात पुन्हा हेंप आणायला तीन-चार वर्षं जाऊ द्या. तंबाखूच्या रानात बंबाखू, म्हणजे दुसऱ्याच्या मुळांवर जगणारं तण, उगवत असेल तर तेही रान नको. बंबाखूच्या काही जाती हेंपच्या मुळांवरही जगतात.

तारीख ठरवतो तो दिवस, म्हणजे दिवसाची लांबी

नवख्या शेतकऱ्याची सगळ्यात मोठी चूक इथे होते. हेंप लहान दिवसांचं पीक आहे. दिवस मोठा असतो तोवर ते उंच वाढतं. बहुतेक वाणांत दिवस साधारण चौदा तासांच्या खाली यायला लागला की झाडाचं लक्ष उंचीवरून फुलोऱ्याकडे वळतं. विषुववृत्तापासून ५० अंशांवरच्या रानात उन्हाळ्यातला सर्वात मोठा दिवस सोळा तासांच्या वर असतो, म्हणून तिथे झाड महिनोन्‌महिने वाढत राहतं. २० अंशांवर मात्र वर्षातला सर्वात मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. उत्तरेकडचं नावाजलेलं वाण तिथे पेरलं तर ते उगवतं आणि गुडघ्याएवढं होताच फुलायला लागतं. शेतकऱ्याला वाटतं खत कमी पडलं. तो युरिया टाकतो, पण फुलोरा मागे फिरत नाही. आपल्या अक्षांशाला जुळणारं वाण हाच यावरचा उपाय, आणि तो फक्त खरेदीच्या वेळीच करता येतो.

म्हणून तारीख मागे मोजून काढा. उत्तर गोलार्धात २१ जूनच्या सुमाराला दिवस सर्वात मोठा असतो, दक्षिण गोलार्धात २१-२२ डिसेंबरला. त्याआधी पिकाला जितके आठवडे वाढायला मिळतील तितकी धाग्याची लांबी. फक्त बियांसाठी घ्यायचं असेल तर फार उंच झाड काढणीला त्रास देतं, तिथे थोडा उशीर चालतो. अतिशय लवकरही नको. जमीन ८ ते १० अंश सेल्सिअस तापल्याशिवाय उगवण एकसारखी होत नाही, आणि विरळ उगवलेल्या हेंपला तण दाबून टाकतं.

एक लहानशी गोष्ट, पण मी ती रानात उभं राहून पाहिली आहे. रस्त्याच्या दिव्याखालच्या पाच-सहा ओळी आजूबाजूचं सगळं पीक फुलोऱ्यात असताना हिरव्यागार आणि नुसत्या पानांच्या होत्या. दिव्याने त्यांची रात्र लहान केली होती. काढणीला ते पट्टे वेगळे ठेवावे लागले. रात्रभर दिवा पडत असेल अशी कड सोडून पेरा.

पहिला महिना

वाफसा आल्याशिवाय पाभर घालू नका. बी दीड ते तीन सेंमी खोल, त्याखाली नाही. बी दिसायला टणक, पण टरफल नाजूक असतं. पेरणी यंत्राचा वेग जास्त असेल किंवा हवेचा दाब वाढला तर ते तडकतं आणि तडकलेलं बी उगवत नाही. यंत्रातून पडलेलं मूठभर बी तळहातावर घेऊन पाहा, चिरलेले दाणे दिसले तर वेग कमी करा. तेलकट असल्याने हे बी जुनं झालं की उगवणशक्ती झपाट्याने उतरते. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण मोजा आणि त्यावरून बियाण्याचं प्रमाण ठरवा. बियांच्या पिकाला एकरी ८ ते १२ किलो लागतं. धाग्याच्या पिकाला २० ते २८ किलो, कारण तिथे झाडं दाट हवीत, म्हणजे ती सरळ, बारीक आणि बिनफांद्यांची वाढतात.

पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन जमिनीने खपली धरली तर दुसऱ्याच दिवशी रानात जा. कोंब खपलीखाली वाकडा होऊन अडकलेला दिसेल. हलकं पाणी देऊन किंवा अगदी हलका काटेरी रूळ फिरवून खपली मोडा. दोन दिवस उशीर केला तर कोंब आतच पिवळा पडून मरतो. याच दिवसांत रोपं बुडाशी काळी पडून कोलमडत असतील तर ती मर आहे, तिचं मूळ साचलेल्या ओलीत आहे. औषधाआधी चर काढा.

तणनाशकांच्या बाबतीत सावध राहा. या पिकासाठी नोंदणी असलेली औषधं फार थोडी आहेत. शेजारच्या रानातून वाऱ्याने आलेला २,४-डीचा फवाराही पानं पिळवटून टाकतो. पेरणीची तारीख शेजाऱ्यांना सांगून ठेवा. तण मारायचं ते पेरणीआधी, खोट्या पेरणीने. रान तयार करा, ओलवा, तण उगवू द्या, कुळवून टाका, मग पेरा. उगवण दाट आणि एकसारखी झाली तर चार-सहा आठवड्यांत पिकाची सावली जमीन झाकते आणि पुढचं तण तिथेच दबतं.

मधला काळ

हा काळ त्या मानाने सोपा. भर वाढीत झाड दिवसाला चार-पाच सेंमी वाढतं. पूर्ण हंगामाला ५०० ते ७०० मिमी पाणी लागतं, त्यातला मोठा वाटा याच काळात. एकरी ४० ते ५० किलो नत्र पुरतं, त्यापेक्षा जास्त दिलं तर खोड मऊ होऊन पीक लोळतं. मावा आणि कोळी पानाच्या मागे बसतात, म्हणून दर आठवड्याला दहा-वीस झाडांची पानं उलटून पाहा. वाढ थांबली, कोवळी पानं कडांनी वर वळली आणि झाड निस्तेज तांबूस दिसू लागलं, तर भिंगातून पाहा. हेंपवरचा तांबेरी कोळी इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

नर झाडांचा तुरा फुटला की परागकण वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातात. जवळपास कुणी बियांशिवाय, फक्त मादी फुलांसाठी लागवड केली असेल तर तुमच्या पिकाने त्याचं पीक वाया जाऊ शकतं. त्यावर औषध नाही. हंगामाआधीच समोरासमोर बसून बोलून घ्या.

रानाच्या कडेला ‘औद्योगिक हेंप, नशेसाठी निरुपयोगी’ असा फलक लावा. वासाने लोकांचा गैरसमज होतो आणि झाडं चोरीला जातात. परवान्याची प्रतही रानातल्या खोलीत असू द्या.

शेवटचा महिना

आता खरी परीक्षा. फुलोरा घट्ट असतो, दिवस लहान होत जातात, पहाटे दव उशिरापर्यंत टिकतं. राखाडी बुरशी नेमकी याची वाट पाहत असते. तिला बाहेरून ओळखायची एक खूण लक्षात ठेवा. हिरव्यागार फुलोऱ्यातून एखादंच बारीक पान पिवळं किंवा तपकिरी होऊन डोकावतं. ते चिमटीत धरून ओढा. निरोगी पान हाताला ताण देतं, हे मात्र लोण्यातून काढावं तसं सुटून येतं. कणीस दोन बोटांनी फाकवलं तर आत तपकिरी लगदा, आणि हात लागताच उडणारी राख. तो भाग चार बोटं खालपर्यंत कापून पिशवीत घालून रानाबाहेर न्या, ओळीतून झटकत नेऊ नका. फुलोऱ्यात अळी शिरली असेल तर तिच्या विष्ठेजवळच बुरशी आधी धरते, म्हणून बोंडअळीची अंडी शोधायचं काम फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच करा. लवकरच पाऊस येणार हे दिसत असेल तर चार दिवस आधी काढणी केलेली चालते. थोडं कमी उत्पन्न पत्करा, पण भिजलेला फुलोरा रानात ठेवू नका.

याच महिन्यात टीएचसीही चढत जातं. फुलोरा जुना होईल तसं प्रमाण वाढतं, आणि मर्यादेच्या काठावरचं वाण आठवडाभरात पलीकडे जाऊ शकतं. प्रयोगशाळा नुसतं टीएचसी मोजून थांबत नाही. त्याचं आम्लरूप टीएचसीए ०.८७७ ने गुणून त्यात मिळवते. अमेरिकेच्या नियमात सरकारी नमुना काढणीआधी ३० दिवसांच्या आत घ्यावा लागतो. नियम कुठलाही असो, स्वतःच्या खर्चाने एक नमुना आधीच काढून पाहा. मर्यादा ओलांडली तर पीक नष्ट करण्याची वेळ येते आणि वर्षभराचे कष्ट तिथेच संपतात. हे टाळण्यासारखं नुकसान आहे, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतो.

धाग्यासाठी काढायचं असेल तर नर तुऱ्यांतून पराग उडू लागला की काढा. उशीर झाला की धागा राठ होतो. कापलेली खोडं रानात पसरून दवावर सडू द्यायला दोन ते सहा आठवडे लागतात, अधूनमधून ती उलटायची. खोड वाकवून मोडलं की आतलं लाकूड धाग्यापासून सहज सुटलं पाहिजे, त्यापुढे ठेवलं तर धागाच सडतो. गाठी बांधताना ओल १५ टक्क्यांच्या वर नको.

बियांसाठी सत्तर-ऐंशी टक्के दाणे पिकले की मळणी करा. सगळे पिकायची वाट पाहिली तर वरचे गळतात आणि उरलेले पक्षी खातात. मळणी यंत्राच्या फिरत्या दांड्यांवर धागा गुंडाळतो, घर्षणाने तापतो आणि पेट घेतो. थोड्या थोड्या वेळाने यंत्र पूर्ण बंद करून, चावी काढून, तो कापून टाका आणि आग विझवायचं साधन यंत्रावरच ठेवा. निघालेलं बी ओलं असतं. ते त्याच दिवशी पातळ पसरून हवेवर घ्या आणि ८-९ टक्के ओलीवर आणूनच साठवा. रात्री झोपण्याआधी ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहा. आत ऊब लागली तर सकाळपर्यंत थांबू नका, तेव्हाच ढीग मोडून पसरा.