पीकेयू असलेल्या बाळाचा आहार घरी कसा सांभाळावा

फेनिलकिटोन्युरिया, म्हणजेच पीकेयू, या जन्मजात चयापचय विकारात बिघाड यकृतात असतो, पण त्याची झळ मेंदूला बसते. फेनिलअॅलनीन या अमिनो आम्लाचे टायरोसीन करणारे विकर नीट काम करीत नसल्यामुळे अन्नातील प्रथिनांतून येणारे फेनिलअॅलनीन रक्तात साचत जाते. मेंदूत शिरण्यासाठी त्याला आणि टायरोसीन, ट्रिप्टोफॅन वगैरे भावंडांना एकाच दारातून जावे लागते. दारात एकाचीच गर्दी झाली की बाकीची बाहेर ताटकळतात. टायरोसीनपासून डोपामीन आणि ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन तयार होते, आणि सिनॅप्सवर, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यावर, निरोप पोहोचवणाऱ्या रसायनांपैकी ही दोन महत्त्वाची आहेत. आयुष्याच्या पहिल्या वर्षांत हे सांधे झपाट्याने बनत असतात, त्यामुळे त्या काळात उपचाराविना झालेले नुकसान बहुतांशी भरून येत नाही.

नॉर्वेचे डॉक्टर आस्ब्यॉर्न फोलिंग यांनी 1934 मध्ये हा विकार ओळखला. आहाराने तो काबूत ठेवता येतो हे मात्र 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये दिसून आले. आहार सुरू करण्यापूर्वी या विकराला काम करण्यासाठी लागणाऱ्या बीएच4 या सहघटकाची कमतरता नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, कारण त्या प्रकारात केवळ पथ्य पुरत नाही.

पहिली खरेदी 1 ग्रॅमपर्यंत अचूक मोजणाऱ्या वजनकाट्याची असावी. चमच्या-वाटीने अदमास घेणे ही माझ्या मते या पथ्यातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे. 1 ग्रॅम प्रथिनात साधारण 50 मिलिग्रॅम फेनिलअॅलनीन असते, असे धरून हिशेब करावा. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, म्हणून खिचडी चालेल असे वाटते. पण तिच्यात पडणाऱ्या 10 ग्रॅम दाण्याच्या कुटात सुमारे अडीच ग्रॅम प्रथिने, म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅम फेनिलअॅलनीन असते, आणि तीव्र पीकेयू असलेल्या लहान मुलाचा दिवसभराचा वाटा अनेकदा 250 ते 350 मिलिग्रॅमच असतो. कूट वगळून जिरे, तूप व काट्यावर मोजून घेतलेला बटाटा घातलेली खिचडी त्याच मुलाला देता येते. डाळी, दूध, पनीर, अंडी, मासे मात्र ताटातून जवळपास बादच होतात.

उरलेली प्रथिनांची गरज फेनिलअॅलनीनविरहित फॉर्म्युल्यातून भागवावी लागते. तो दिवसात किमान तीन वेळा विभागून द्यावा. आईचे दूध सरसकट बंद करण्याचे कारण नाही. त्यात फेनिलअॅलनीन तुलनेने कमी असते आणि आहारतज्ज्ञ ते ठरावीक प्रमाणात फॉर्म्युल्यासोबत बसवून देतात. फेनिलअॅलनीन शून्यावर आणण्याचा हट्टही धरू नये, कारण वाढीसाठी ते थोडे लागतेच.

तापात पोर जेवत नाही तेव्हा "नाही खाल्ले तर पातळी आपोआप खाली येईल" असे घरच्या मोठ्यांना वाटते. घडते उलट: उपासमारीत शरीर स्वतःचेच स्नायू मोडते आणि त्यांतील फेनिलअॅलनीन रक्तात उतरते. अशा वेळी साखरपाणी, तांदळाची पातळ पेज व फॉर्म्युला थोडा थोडा देत राहावा आणि डॉक्टरांना कळवावे. सिरप घेताना एस्पार्टेम, क्रमांक 951, नाही ना हे लेबलवर पाहावे. ते गोड द्रव्य पोटात गेल्यावर फेनिलअॅलनीनच देते.

तपासणीचे रक्त दर वेळी एकाच सुमारास, शक्यतो सकाळी पहिल्या फॉर्म्युल्यापूर्वी घ्यावे. टाचेतून किंवा बोटातून आलेल्या मोठ्या थेंबाने गाळणकागदावरचे वर्तुळ एकाच बाजूने पूर्ण भरावे, त्याला हात लावू नये, आणि कागद आडवा ठेवून उन्हापासून दूर तीन-चार तास वाळवावा. रिपोर्ट आल्यावर आधी एकक पाहावे: 1 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे 60 मायक्रोमोल प्रति लिटर, आणि लहान मुलांसाठी 120 ते 360 मायक्रोमोल ही पातळी साधारणपणे राखायची असते.