स्लेडला बर्फ भरवत राहा

बाहेर उणे 15 अंश सेल्सिअस थंडी आणि माझ्या स्लेडचं, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलचं इंजिन तापलंय, असं मी तासगावला फोन करून सांगितलं, तेव्हा अप्पांनी एकच प्रश्न विचारला, “पाणी गार कशानं होतंय त्याचं?” विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. स्नोमोबाईल त्यांनी कधी पाहिलेली नाही. पण इंजिन तापलं की आधी हेच विचारायचं असतं, आणि मला ते सुचलं नव्हतं.

मी राहते हॅनकॉकला, अमेरिकेत मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात. लेक सुपीरियरवरून येणारे ढग इथं बर्फ ओततात. किविनॉ काउंटीत 1978-79 च्या हिवाळ्यात 390.4 इंच, म्हणजे साडेबत्तीस फूट बर्फ पडला होता; तो आकडा दाखवणारा उंच फलक हायवे 41 च्या कडेला उभा आहे. इथं स्नोमोबाईलला सगळे स्लेडच म्हणतात. कालव्यापलीकडे होटनच्या विद्यापीठात आपल्याकडची मुलं शिकायला येतात, दुसऱ्या हिवाळ्यात कुणाची तरी जुनी स्लेड विकत घेतात, आणि फेब्रुवारी उजाडला की मला फोन येतो, “ताई, इंजिन तापल्याचा लाल दिवा लागलाय, काय करू?” त्या मुलांसाठी हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर. मोटारीत पुढे रेडिएटर असतो, वारा त्यातून जातो. लिक्विड-कूल्ड स्लेडमध्ये बहुतेक वेळा तसं काही नसतं. बसायच्या सीटखाली ॲल्युमिनियमचा लांब बोगदा असतो, त्याला टनेल म्हणतात. त्यात रबरी ट्रॅक फिरतो. टनेलच्या छताला आतून ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या म्हणजे हीट एक्सचेंजर. इंजिन गार करणारं द्रव, म्हणजे कूलंट, गरम होऊन त्यांतून वाहतं, ट्रॅक खालचा बर्फ वर उडवतो, तो पट्ट्यांवर आपटतो, वितळतो आणि उष्णता घेऊन खाली पडतो. 1 किलो बर्फ नुसता वितळायला जितकी उष्णता लागते, तितक्यात 1 लिटर पाणी 0 वरून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. एवढं मोठं काम तो भुरभुरीत बर्फ फुकट करतो. तो उडायचा थांबला की बाहेर उणे 15 असो नाही तर उणे 30, गार वारा एकटा पुरा पडत नाही. काही मॉडेलना पंख्यासकट छोटा रेडिएटरही असतो, पण त्याचा आधार थोडा.

माझी स्लेड पहिल्यांदा तापली ती बिल निकोल्स ट्रेलवर. हा जुना रेल्वेमार्ग. रूळ काढून तिथं ट्रेल केली आहे आणि फायरस्टील नदीवरचे उंच पूल अजून आहेत. आठवडाभर नवा बर्फ पडला नव्हता. शेकडो स्लेड जाऊन जाऊन वाट काचेसारखी गुळगुळीत झाली होती. दिवा लागला, मी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. पुढे गेलेले शेजारचे फिनिश आजोबा मागे वळून आले. त्यांनी काही विचारलं नाही. गुडघ्यावर बसले, मागून टनेलमध्ये हात घालून मला म्हणाले, बघ. मी हातमोजा घालूनच हात लावला. पट्ट्या कोरड्या ठाक होत्या, बर्फाचा एक कणही चिकटलेला नाही, आणि जाड मोज्यातूनही हात भाजेल असं वाटावं इतक्या तापलेल्या. आजोबांनी बुटाच्या टाचेनं कडेचा कडक थर फोडला, खालचा मऊ बर्फ ओंजळीनं घेऊन वर दाबला. चर्र आवाज झाला आणि पाणी टपटप गळायला लागलं. लहान मुलाला घास भरवावा तसं ते दहा मिनिटं बर्फ भरवत होते. तेव्हापासून मी हे असंच समजते: स्लेडला बर्फ भरवायची जबाबदारी चालवणाऱ्याची.

मिशिगनात ट्रेलचा हंगाम 1 डिसेंबर ते 31 मार्च. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी एक रविवार तयारीला द्या.

पहिलं बघायचं ते स्क्रॅचर. हे म्हणजे ट्रॅकच्या आतल्या लांब पट्ट्यांना, म्हणजे रेल्सना, लावलेले स्प्रिंगचे दोन दांडे किंवा जाड केबल. खाली सोडले की ते घट्ट बर्फ खरवडतात आणि तो भुगा ट्रॅक वर उडवतो. जुन्या स्लेडवर बरेचदा ते नसतातच, किंवा एक तुटलेला असतो. माझ्यावर नव्हते. सगळं लिहिलंय त्यातलं एकच करायचं झालं तर मी स्क्रॅचर बसवायला सांगेन. याचा आणखी एक फायदा आहे. ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो त्यांना इथं हायफॅक्स म्हणतात, आणि त्यांना बर्फाचं पाणी हेच वंगण. कोरड्या बर्फावर त्या वितळून ट्रॅकच्या क्लिपांना चिकटतात, ट्रॅक जड फिरतो, आणि इंजिनवर भार वाढून ते आणखी तापतं. दांड्याचे स्क्रॅचर असतील तर रिव्हर्स घेण्याआधी वर अडकवायला विसरू नका, नाहीतर वाकतात किंवा मोडतात. केबलवाले मागे जाताना वळतात, म्हणून नवशिक्यांना मी तेच घ्यायला सांगते.

दुसरं, मागचा स्नो फ्लॅप. हा रबरी पडदा दिसायला चिखल अडवणाऱ्या मडगार्डसारखा, पण तो उडालेला बर्फ टनेलमध्ये अडवून ठेवतो. माझ्या स्लेडच्या आधीच्या मालकानं तो अर्ध्यातून कापला होता. रिव्हर्समध्ये ट्रॅकखाली सापडून फाटतो, म्हणून लोक कापतात. त्यामुळे जेवढा बर्फ उडायचा तेवढा सरळ मागे फेकला जायचा. नवा पूर्ण लांबीचा फ्लॅप लावला आणि त्याच वाटेवर, तशाच थंडीत कूलंटच्या तापमानाचा काटा चांगलाच खाली राहिला.

तिसरं, टनेल आतून धुवा. मार्चमधला चिखल उन्हाळाभर वाळून पट्ट्यांवर सिमेंटसारखा बसतो. बागेचा पाइप आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. ट्रॅकला पकडीसाठी लावलेले धातूचे खिळे असतील तर ते पट्ट्यांना घासले आहेत का, कुठे ओरखडा किंवा ओल आहे का, तेही याच वेळी टॉर्च घेऊन बघा. ट्रॅक ढिला असेल तर खिळे वर उसळून थेट एक्सचेंजर फाडतात.

मग कूलंट. इंजिन पूर्ण गार असतानाच झाकण उघडायचं. गरम असताना आत दाब असतो, उकळतं कूलंट तोंडावर येतं. मिश्रण निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. ते साधारण उणे 37 अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. “थंडी फार आहे, जास्त ग्लायकॉल घालू” असं मुलं म्हणतात. तसं करू नका. निव्वळ ग्लायकॉल उणे 13 च्या आसपासच गोठतं, आणि पाण्याइतकी उष्णताही वाहून नेत नाही. तयार मिश्रण मिळतं ते घ्या, कुठलं चालतं ते स्लेडच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. सांडलेला थेंबन् थेंब पुसा. ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

कूलंट बदललं की हवा धरते, हा त्रास अप्पांना अगदी ओळखीचा. पंपात हवा धरली की पाणी चढत नाही, तसंच इथं. एक्सचेंजर लांब, आडवे, आणि हवेचा बुडबुडा कुठेतरी मागच्या वळणात अडकून बसतो. स्लेडची कुठली बाजू किती उचलायची आणि हवा काढायचा स्क्रू कुठे आहे ते मॉडेलप्रमाणे बदलतं, पण तत्त्व एकच: भरायचं तोंड सगळ्यांत उंच. हवा निघाली की नाही हे मी हातानं तपासते. इंजिन चालवून थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर उघडणारी झडप, उघडू द्यायचा, मग इंजिन बंद करून टनेलच्या डाव्या, उजव्या आणि मागच्या पट्टीला हात लावायचा. सगळीकडे सारखी ऊब आली तर ठीक. एखादा भाग गारच राहिला तर तिथं कूलंट पोचत नाही, पुन्हा हवा काढायची. इंजिन चालू असताना ट्रॅकजवळ हात किंवा ओढणी-मफलर नेऊ नका, आणि मागचा भाग उचलून ट्रॅक फिरवत असाल तर मागे कुणालाही उभं राहू देऊ नका. सुटलेला खिळा गोळीसारखा येतो.

पंख्यावर गार होणारी, म्हणजे फॅन-कूल्ड स्लेड असेल तर तिला बर्फाची गरज नाही. तिथं पंख्याचा पट्टा तपासा आणि सिलिंडरभोवतीचं कव्हर उघडून आत बघा. उन्हाळ्यात शेडमध्ये उभ्या स्लेडमध्ये उंदीर घर करतात. एका मुलाच्या स्लेडमधून मी ओंजळभर गवत आणि सीटमधला फोम काढलाय. त्या गवतातून हवा जाणार कशी?

आता एक गोष्ट जी काटा तुम्हाला सांगणार नाही. टू-स्ट्रोक इंजिनला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळाली, म्हणजे ते लीन चाललं, की पिस्टन वरून वितळतो, आणि कूलंटचा काटा तोवर जागचा हललेलाही नसतो. थंड हवा दाट असते, त्यामुळे जितकी थंडी जास्त तितकं कार्ब्युरेटरला मोठं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, लागतं. त्यात उन्हाळाभर टाकीत राहिलेलं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जेटमध्ये चिकट थर धरतं. कार्ब्युरेटरवाली स्लेड असेल तर हंगामाच्या सुरुवातीला जेट काढून साफ करा, नवं पेट्रोल भरा आणि टू-स्ट्रोक ऑइलच्या टाकीत तेल आहे ना ते प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना बघा.

सकाळी निघताना घाई करू नका. गारठलेल्या इंजिनला लगेच पीळ दिला तर पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर अजून आकसलेलाच असतो, आणि इंजिन सीझ होतं, म्हणजे जाम होतं. मी सुरू करून हेल्मेट, हातमोजे घालते, कूलंट 100 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअसच्या पुढे गेलं की निघते, आणि पहिली दोन-तीन मैलं हळूच जाते.

ट्रेलवर गेल्यावर वाट ओळखायला शिका. ट्रेलवरचा बर्फ सपाट करणारं यंत्र, म्हणजे ग्रूमर, रात्री फिरतो. तो नुकताच गेलेला असेल तेव्हा वरचा थर भुसभुशीत असतो, स्लेड आनंदानं चालते. रात्रभर तो थर गोठला की सकाळी फरशी झालेली असते. झाडीतल्या वळणांवर, कडेला साचलेला बर्फ मऊ असतो. मी ट्रेलच्या हद्दीतच, पण उजव्या कडेला चिकटून चालवते, म्हणजे ट्रॅकची एक बाजू तरी त्या बर्फात राहते. हद्द सोडून रानात घुसू नका, बाजूची जमीन बहुधा कुणाच्या तरी मालकीची असते आणि एकाच्या चुकीनं सगळ्यांची ट्रेल बंद होते. होटन आणि हॅनकॉकमधला लिफ्ट ब्रिज ओलांडताना जास्त लक्ष द्या. हिवाळ्यात त्याचा खालचा मजला स्लेडसाठी खुला असतो, पण दोन्ही बाजूंना गावातून जाताना बर्फ कमी आणि वेगही कमी, म्हणजे थंडावा दोन्हीकडून तुटतो. गोठलेल्या तळ्यावर वाऱ्यानं बर्फ उडून निव्वळ आइस उघडा पडलेला असेल, तर स्क्रॅचर लावूनही मी लांबची फेरी टाळते.

माझ्या स्लेडचा काटा नेहमी 120 ते 130 फॅरनहाइटवर असतो. तुमचा कुठे असतो ते चांगल्या बर्फात एकदा बघून लक्षात ठेवा. दिवा लागायची वाट बघू नका. माझा काटा 180 ला गेला, म्हणजे 82 सेल्सिअसला, की मी काहीतरी करतेच. समोर मऊ बर्फ दिसत असेल तर हळू त्यात नेऊन थोडं पुढेमागे करते. अर्ध्या मिनिटात काटा उतरायला लागतो.

दिवा लागलाच तर ट्रेलवरून पूर्ण बाजूला घ्या, वळणावर थांबू नका. इंजिन बंद करा. चावी काढून खिशात ठेवा. मग आजोबांनी केलं तसं मागून आणि बाजूनं पट्ट्यांवर बर्फ दाबून भरा. मात्र तापलेल्या इंजिनच्या सिलिंडरवर बर्फ टाकू नका, धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन बंद असताना कूलंट फिरत नाही, त्यामुळे नुसतं थांबून इंजिनमधली उष्णता लवकर बाहेर येत नाही. पट्ट्या गार झाल्या की अर्धा मिनिट सुरू करा, परत बंद करा, परत बर्फ भरा. तीन-चार वेळा हे केलं की बहुतेक वेळा काम होतं. भरपूर मऊ बर्फ असूनही काटा चढतच राहिला तर दोष आत आहे: हवा, थर्मोस्टॅट, पंप किंवा गळती. तेव्हा चालवत घरी आणायचा हट्ट सोडा, कुणाला तरी ओढायला बोलवा.

घरी आल्यावर मिनिटभर आयडलवर चालू द्या आणि मग बंद करा. टनेलमध्ये साचलेला बर्फ रबरी हातोड्यानं हलकेच ठोकून पाडा. तो रात्रीत दगड होतो आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्यांना नवा बर्फ लागू देत नाही. स्क्रॅचर वर अडकवा, स्लेडचा मागचा भाग स्टँडवर उचलून ठेवा, म्हणजे ट्रॅक जमिनीला गोठून बसणार नाही.