झोप येत नसेल, तर अंथरुणातला वेळ कमी करा

रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नसला, की माणूस बहुधा एकच उपाय करतो: लवकर आडवे व्हायचे आणि सकाळी उशिरापर्यंत पडून राहायचे, म्हणजे बुडालेली झोप कुठेतरी भरून निघेल. हा उपाय स्वाभाविक आहे, पण निद्रानाश वर्षानुवर्षे टिकतो तो पुष्कळदा त्याच्यामुळेच. आठवड्यातून किमान 3 रात्री झोप लागत किंवा टिकत नसेल, असे 3 महिने चालले असेल आणि दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होत असेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्यावर आधी गोळ्या न देता विचार आणि सवयी बदलणारा वर्तनोपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये केली. त्या उपचारातील दोन मुख्य भाग येथे सांगत आहे.

आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत ॲडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि झोपेची ओढ वाढत जाते. ही ओढ पुरेशी झाली आणि शरीरातल्या घड्याळानेही रात्र झाल्याची खूण दिली, की झोप लागते. दुपारी जेवून दोन तास झोपणारा माणूस ही ओढ दिवसाच खर्च करून टाकतो. रविवारी दहापर्यंत लोळणाऱ्याचे घड्याळ पुढे सरकते आणि त्या रात्री तो व्यर्थ कूस बदलत राहतो.

म्हणून पहिले काम नोंदीचे. एका वहीत दोन आठवडे रोज सकाळी, केवळ अंदाजाने, अंथरुणावर कधी पडलो, साधारण किती वेळ झोपलो आणि कधी उठलो हे लिहावे. रात्री घड्याळ पाहून मात्र लिहू नये. समजा, आपण रात्री 9.30 ते सकाळी 6 असे साडेआठ तास अंथरुणात असता आणि त्यांतले सरासरी साडेपाच तासच झोपता. मग उठण्याची वेळ 6 हीच कायम ठेवून अंथरुणावर रात्री 12.30 पूर्वी जायचे नाही. आठवडाभरात अंथरुणातल्या वेळेपैकी 85 टक्के किंवा अधिक वेळ झोप लागू लागली, की झोपायला जाण्याची वेळ 15 मिनिटे अलीकडे आणायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासायची. नोंद काहीही सांगो, अंथरुणातला वेळ 5 तासांच्या खाली नेऊ नये.

सुरुवातीचे एक-दोन आठवडे खरोखरच जड जातात, हे आधीच माहीत असलेले बरे. दिवसा पेंग येते, चिडचिड होते आणि नेमके याच टप्प्यावर पुष्कळ जण हा प्रयोग सोडून देतात. या दिवसांत पेंग येत असताना गाडी चालवू नये. अपस्मार (फिट येणे) किंवा द्विध्रुवी आजार (बायपोलर, म्हणजे मन कधी अति उत्साही तर कधी अति उदास होणे) असलेल्यांनी, तसेच ज्यांच्या कामात यंत्रे किंवा वाहन हाताळावे लागते त्यांनी, हा भाग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

दुसरा भाग अंथरुणाशी असलेल्या नात्याचा आहे. अंथरुणावर पडून मोबाईल पाहणे, हिशेब करणे, काळजी करणे हे रोज घडू लागले, की गादीला पाठ टेकताच मन जागे होते. त्यामुळे साधारण 20 मिनिटांत झोप लागली नाही, तर सरळ उठावे, मंद उजेडात काही शांत वाचावे आणि डोळे जड झाले तरच परत यावे. गरज पडली तर रात्रीतून चार वेळाही असे करावे. एका खोलीच्या घरात हे कसे जमायचे, हा प्रश्न रास्त आहे. तिथे दिवसा गादी गुंडाळून ठेवण्याची आपली जुनी पद्धत फार उपयोगी पडते, आणि रात्री उठून बसायला स्वयंपाकाच्या ओट्याजवळची एक खुर्चीही पुरते. पलंग हीच घरातली बैठक असेल, तर झोपण्याची चादर वेगळी ठेवावी आणि ती रात्रीच अंथरावी.

चहाचे गणित सोपे आहे. शरीरातले निम्मे कॅफिन उतरायला साधारण 5 तास लागतात, म्हणून शेवटचा कप दुपारीच घ्यावा. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते.

झोपेच्या गोळ्या आधीपासून चालू असतील, तर त्या मनानेच एकदम बंद करू नयेत, कारण अल्प्राझोलामसारखी औषधे अचानक थांबवल्यास झटकेही येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने उतरवायची असते. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, पायांत रात्रीची तळमळ किंवा सतत उदास वाटणे ही लक्षणे असतील, तर वरील प्रयोगाआधी तपासणी करून घ्यावी. मन फारच खचले असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते आणि तिथे मराठीतही बोलण्याची सोय आहे.