चर्चच्या संस्थेत नेतृत्व कसे करावे, म्हणजे कर्मचाऱ्यांचे काम सुधारेल

इंदूरमध्ये चर्चचे काम रविवारच्या उपासनेपुरते कधीच नव्हते. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने 1887 साली येथे इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू केले, आणि मिशनच्या शाळा व दवाखान्यांमुळे चर्च हे अनेक कुटुंबांचे नोकरीचे ठिकाणही झाले. अशा संस्थेत पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, लिपिकाचे किंवा चौकीदाराचे वरिष्ठ असतात, आणि तेच त्याच्या मुलांना बाप्तिस्मा देतात, घरात आजारपण आले तर प्रार्थनेला जातात. वरिष्ठांशी मतभेद झाले तरी त्यांच्याच हातून प्रभुभोजन (उपासनेतील पवित्र भाकर व द्राक्षारस) घ्यावयाचे असल्याने कर्मचारी सहसा बोलत नाही. तो गप्प राहतो आणि त्याचे काम मंदावते. पाळक, पंच (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचे सदस्य) आणि सेक्रेटरी यांनी आपली पद्धत तपासताना हा दुहेरी संबंध आधी ध्यानात घ्यावा.

तपासण्याचा सोपा मार्ग असा की, पाळक धर्मप्रांताच्या (अनेक चर्चच्या मिळून बनलेल्या विभागाच्या) बैठकीसाठी चार दिवस बाहेरगावी गेले असता कार्यालयात काय घडते ते नंतर शांतपणे पाहावे. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1939 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या गटांवर निरनिराळ्या पद्धतींचे नेते नेमले होते. हुकूम सोडणाऱ्या नेत्याच्या गटात तो समोर असेपर्यंत काम होई आणि तो बाहेर जाताच घसरे. चर्चेने चालणाऱ्या गटात ते नेत्याच्या मागेही सुरू राही. सर्व काही मोकळे सोडणाऱ्या नेत्याच्या गटात काम सर्वांत कमी झाले. तो अभ्यास लहान मुलांचा होता हे खरे, तरीही आपल्या अनुपस्थितीत पावत्या फाडणे, पत्रांना उत्तरे देणे आणि सभागृहाची आरक्षणे थांबत असतील, तर दोष कर्मचाऱ्यांच्या आळसात शोधण्यापूर्वी निर्णय किती जणांच्या हाती आहेत ते पाहावे.

मात्र प्रत्येक गोष्ट चर्चेने ठरवावी, असे मी म्हणणार नाही. दानार्पणाची रक्कम दोघांनी मिळून मोजणे, विवाहाची नोंद 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे वेळेवर आणि अचूक करणे, मुलांच्या सुरक्षिततेचे नियम पाळणे, या बाबतींत स्पष्ट, लेखी आणि सर्वांना सारखा आदेश हवा. तेथे ढिलाई ठेवणारा नेता प्रामाणिक कर्मचाऱ्यालाही संशयाच्या छायेत लोटतो. याउलट नाताळची तयारी, संडे स्कूलचा अभ्यासक्रम, भेटींचे नियोजन, यांत ज्यांना काम करावयाचे आहे त्यांना आधी विचारावे. विचारताना भाषेचेही भान असावे: कार्यालयाचा व्यवहार हिंदीत चालत असला, तरी घरी मराठी बोलणाऱ्या सेवकाला अवघड गोष्ट मराठीतून समजावल्यास तो शंका मोकळेपणाने विचारतो.

अधिकार वाटून देण्यासाठी बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायाहून चांगला आधार मला माहीत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करीत बसलेल्या मोशेला, म्हणजे इस्राएल लोकांच्या नेत्याला, त्याचा सासरा इथ्रो सांगतो की, असे केल्याने तू आणि हे लोक, दोघेही थकून जाल. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर विश्वासू माणसे नेम. आजच्या कार्यालयात याचा अर्थ असा की, किरकोळ खर्चाची मर्यादा ठरवून ती लिपिकाला कळवावी, आणि त्या मर्यादेत त्याने घेतलेला निर्णय नंतर चारचौघांत फिरवू नये.

सर्वांत नाजूक मुद्दा ‘सेवा’ या भावनेचा आहे. देवाची सेवा म्हणून माणूस कमी पगारात राबतो, ही त्याची श्रद्धा आहे, आणि तिचा आधार घेऊन पगार लांबवणे, सुट्टी नाकारणे किंवा कामाच्या वेळा अमर्याद ठेवणे हा अन्याय आहे. प्रत्येकाला नेमणूकपत्र आणि कामाची लेखी यादी द्यावी, पगाराची तारीख पाळावी. चूक दाखवायची असल्यास बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे आधी एकांतात बोलावे, आणि ती व्यासपीठावरच्या उपदेशात कधीही, नाव न घेताही, आणू नये. मंडळीला ती व्यक्ती कोण हे लगेच कळते.

तक्रारीसाठी पाळकांखेरीज दुसरे दार असावे, म्हणजे एखाद्या पंचाकडे ती लेखी देता यावी. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारकच आहे.

शेवटी बदलीचा प्रश्न. काही वर्षांनी पाळक बदलतात, लिपिक आणि चौकीदार तेथेच राहतात, आणि प्रत्येक नव्या पाळकाबरोबर त्यांना नवी पद्धत शिकावी लागते. म्हणून जाणाऱ्या पाळकाने कोणाकडे कोणते अधिकार दिले आहेत, कोणती कामे अर्धवट आहेत आणि कोणाला कोणता शब्द दिला आहे, हे लिहून पंचांसमोर नव्या पाळकाच्या स्वाधीन करावे. आणि नव्याने आलेल्यांनी सुरुवातीचे काही आठवडे काहीही न बदलता प्रत्येक कर्मचाऱ्याशी स्वतंत्रपणे बोलून त्याचे काम समजून घ्यावे.