खाण सुरू होईपर्यंत

२०१३ साली गोव्यात आमच्या साखळीच्या बाजारात कुणीही भेटला तरी एकच वाक्य कानावर पडायचं, "जातली रे, फुडल्या म्हयन्यान सुरू जातली." म्हणजे लोहखनिजाची खाण, पुढच्या महिन्यात सुरू होईल. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारने खाणकाम थांबवलं आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. मी तेव्हा ३८ वर्षांचा होतो. घरात आई, बायको आणि चौथीतली मुलगी. काही महिने अर्धा पगार मिळाला, मग फेब्रुवारीत नोटीस. त्यानंतर दीड वर्ष मी काहीही केलं नाही. म्हणजे चहा पीत खाण सुरू व्हायची वाट पाहिली.

यंदा मुलगी बीएस्सी झाली. तिच्या मैत्रिणी घरी येतात आणि विचारतात, काका, नोकरी कशी शोधायची? मी तीन वेळा शोधली, एकदा गमावली आणि दोनदा नुसता वाट पाहत बसलो. यातल्या वाट पाहण्याबद्दल मला जास्त सांगता येईल.

पहिल्यांदा बसलो तो सरकारी नोकरीसाठी. १९९५ साली बीकॉम झालो आणि वडिलांनी लगेच रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड काढायला पाठवलं. ते तुम्हीही काढाच. गोव्यातल्या सरकारी अर्जाला ते कार्ड आणि १५ वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. दाखल्याच्या रांगेत जाहिरात आल्यावर उभे राहू नका, आधीच काढून ठेवा. कोकणी येणं सक्तीचं असतं आणि मराठी येत असेल तर चांगलं, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, तेव्हा आपल्या डिचोली-सत्तरीच्या पोरांना भाषेची अडचण नाही. आता कनिष्ठ पदांच्या परीक्षा कर्मचारी निवड आयोग संगणकावर घेतो. आमच्या वेळी असं काही नव्हतं. आमदाराच्या अंगणात सकाळी सातला जाऊन उभं राहायचं, हीच आमची तयारी. मी दोन वर्षं उभा राहिलो. तिथे मला मिळालं काय, तर गोव्यातल्या सगळ्या खात्यांतल्या रिकाम्या जागांची माहिती आणि ऊन.

या काळात म्हापशाच्या एका हार्डवेअरवाल्याने बोलावलं होतं. "दुकानात बसायला बीकॉम केलंस का?" असं वडील म्हणाले आणि मलाही ते पटलं. शेवटी १९९७ मध्ये गेलो, कारण बहिणीचं लग्न ठरलं आणि हातात पैसा नव्हता. खिळे, पाइप, रंगाचे डबे. बिलं करायची, माल मोजायचा, रजिस्टरात लिहायचा. दोन-अडीच वर्षं केलं आणि त्या काळात कुणी विचारलं की "तात्पुरतं" म्हणायचो.

पुढे खाण कंपनीच्या मुलाखतीत साहेबांनी एकच प्रश्न विचारला. रजिस्टर आणि प्रत्यक्ष माल जुळला नाही तर काय करशील? हे तर दुकानात महिन्यातून दोनदा व्हायचं. मी म्हटलं, आधी पुन्हा मोजणार. मग नोंद न झालेली बिलं शोधणार. तरी जुळलं नाही तर त्याच दिवशी तुम्हाला सांगणार, महिनाअखेरीपर्यंत थांबणार नाही. जानेवारी २००० मध्ये मी वजनकाट्यावर रुजू झालो. सोबत मुलाखतीला आलेल्या दोघांचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. ते अजून कार्डाच्या भरवशावर होते.

म्हणून माझं म्हणणं असं की सरकारी परीक्षा जरूर द्या. वयोमर्यादा बहुतेक पदांना ४५ असते, बराच वेळ आहे. पण परीक्षेच्या नावावर घरी बसू नका. आणि कुणी पैसे घेऊन सरकारी नोकरी लावतो म्हणाला तर उठून चालू पडा. २०२४ साली गोव्यात अशांच्या अटकेच्या बातम्या रोज येत होत्या. पैसे दिलेल्यांमध्ये शिकलेली माणसं होती.

वजनकाट्यावरची तेरा वर्षं चांगली गेली. रिकामा ट्रक, भरलेला ट्रक, ट्रिप शीट, माल कुठल्या ढिगातला, कुठल्या जेटीला चालला. तिथून बार्जने मांडवीतून मुरगाव बंदर. पहिला पाऊस पडला की ओला माल काट्यावर जास्त वजन दाखवायचा आणि ओलाव्यावरून आमची प्रयोगशाळेशी भांडणं व्हायची. हे सगळं मला यायचं, पण मला हे "येतं" असं कधी वाटलंच नाही. मी स्वतःला खाणीवरचा क्लार्क समजत होतो. खाण गेली म्हटल्यावर क्लार्कही गेला.

नोटीस हातात पडली तेव्हाच्या पैशांबद्दल थोडं सांगतो, कारण तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. ग्रॅच्युइटी आमच्या वेळच्या नियमाने पाच वर्षं भरल्यावर मिळायची. शेवटच्या मूळ पगारात महागाई भत्ता धरायचा, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं. १२,००० रुपये आणि १३ वर्षं म्हणजे ९०,०००. हा हिशोब स्वतः करा, मगच सही करा. पीएफ मात्र काढू नका, नव्या नोकरीत वळवा. मी काढला, घरखर्चात गेला, परत उभा राहिला नाही. एक गोष्ट तेवढी बरोबर केली, तीही लेखा विभागातल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने दम दिला म्हणून. दहा वर्षांपेक्षा जास्त सेवा झाली होती, तेव्हा पेन्शनचं स्कीम सर्टिफिकेट घेतलं. ती तेरा वर्षं त्यामुळे माझ्या नावावर राहिली. आता यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर आहे, नोकरी बदलली तरी तोच सगळीकडे चालतो. तरी कंपनी सोडताना तुमची सोडल्याची तारीख त्यात चढली का, आणि नाव आधारवर आहे तसंच आहे का, हे पाहून घ्या. नंतर जुन्या कंपनीत ओळखीचं कुणी उरत नाही.

एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने बंदी उठवली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. बाजारात फटाके वाजले. आमच्या खाणीच्या फाटकाला मात्र कुलूप तसंच. त्या पावसाळ्यात मी बायोडाटा काढला. त्यात लिहिलेलं, "सीनियर क्लार्क, खाण कंपनी, १३ वर्षे". कळंगुटच्या एका हॉटेलच्या मॅनेजरने तो वाचून विचारलं, "म्हणजे तुम्हाला येतं काय?" मला उत्तर सुचलं नाही. घरी येताना बसमध्ये सुचलं. दुसऱ्या दिवशी नवा कागद केला. रोज चारशे खेपांच्या नोंदी, रजिस्टर आणि ढीग यांची दर महिन्याला पडताळणी, तीन पाळ्यांतल्या माणसांकडून काम. मग दुसऱ्या हॉटेलात स्टोअरला लागलो. पगार खाणीपेक्षा कमी. पहिल्या दिवशी कोळंबीच्या पेट्या मोजताना वाटलं होतं, कुणी ओळखीचं दिसू नये.

हॉटेलात जायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात फिरा. सीझन ऑक्टोबरला लागतो, डिसेंबरात कुणाला मुलाखत घ्यायला सवड नसते. आणि नेमणूक सीझनपुरती आहे की बारमाही, हे तोंडी नाही, कागदावर बघा. जूनमध्ये घरी पाठवलेली पोरं मी दरवर्षी पाहिली.

२०१५ च्या शेवटी खाणीतून पुन्हा बोलावणं आलं. जुनाच हुद्दा, जुनाच पगार. मी जाणारच होतो. बायको म्हणाली, "एक पावसाळा जाऊ दे." गेला. मग दुसरा. २०१८ मध्ये न्यायालयाने खाणींची ८८ लीज रद्द केली आणि १६ मार्चपासून सगळं पुन्हा बंद. परत गेलेले माझे तीन मित्र दुसऱ्यांदा घरी बसले. माझ्या मेहुण्याने कर्ज काढून ट्रक घेतला होता, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

बायकोचं आणखी एक सांगतो. तिने ४१ व्या वर्षी पहिली नोकरी धरली, डिचोलीत एका औषधांच्या दुकानात बिलिंगला. अर्जात अनुभवाच्या रकान्यात तिने रेघ मारली होती. चार वर्षं चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) ऑर्डरी घेणारी बाई! आगाऊ पैसे, नारळ-रवा कधी भरायचा, कुणाला किती, कुठल्या दिवशी, सगळं एका वहीत. मी म्हटलं, ती वही घेऊन जा. गेली. मालकाने पाचेक पानं उलटली आणि पहिल्या तारखेपासून ये म्हणाला. मध्ये खंड पडलेल्या बायकांनो, रेघ मारू नका.

२०१९ मध्ये ४५ व्या वर्षी मी हॉटेल सोडून कुंडईच्या औषध कारखान्याच्या गोदामात गेलो, दोन हजार कमी घेऊन. आईचं दुखणं होतं आणि रात्री साडेअकराला घरी येणं जमेना. पुढच्या वर्षी लॉकडाऊन आला, हॉटेलं ओस पडली. लोक म्हणाले, तू आधीच ओळखलंस. छे! तो निव्वळ योगायोग होता.

तिथे पुन्हा शून्यापासून. हॉटेलात आधी आलेला माल आधी बाहेर, इथे आधी मुदत संपणारा आधी बाहेर. प्रत्येक पेटीला बॅच नंबर. नोंद चुकली तर गिरवायची नाही, पांढरी शाई तर नाहीच. एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. लिहिलं नाही ते झालंच नाही, असं धरतात. शिकवणारा मुलगा २६ वर्षांचा. पहिला आठवडा मी त्याला "अरे" म्हणत होतो, तो मला "अंकल". मग दोघेही "सर" वर आलो आणि काम सोपं झालं. संगणकावरची नोंद तो दाखवायचा, मी वहीत पायऱ्या लिहून घ्यायचो. एकच गोष्ट तीनदा विचारायला लाज वाटत होती, चौथ्यांदा विचारायला वहीमुळे लागलं नाही.

आता मुलीचं. निवड आयोगाचा अर्ज तिने भरला आहे आणि वेर्णाच्या एका कारखान्यातून प्रयोगशाळेसाठी होकारही आलाय. आजोबा असते तर थांब म्हणाले असते. आमची चर्चा दुसरीच चालू आहे. कंपनीची बस पणजीपर्यंतच येते, दुसरी पाळी रात्री सुटते आणि तेवढ्या उशिरा पणजीहून साखळीला यायला काही नाही. नोकरी घेण्याआधी शेवटची बस किती वाजता ते विचारा, हे मी सगळ्यांना सांगतो. पणजीत खोली घेतली तर भाड्यात किती जातं, याचा हिशोब ती आईच्या नेवऱ्यांच्या वहीत मागच्या पानावर मांडते आहे. सोमवारपर्यंत कळवायचंय.