फुगा उडण्याआधी आणि उतरल्यावर: जमिनीवरच्या माणसांनी घ्यायची काळजी

पुण्याहून कामशेतच्या बाजूला पहाटे गरम हवेचा फुगा पाहायला जाणाऱ्यांना धोका आकाशात असतो असे वाटते; प्रत्यक्षात मदतीला आलेल्या आणि बघायला आलेल्या माणसांनी सांभाळायच्या बहुतेक गोष्टी जमिनीवरच असतात. उड्डाण सूर्योदयाच्या सुमारास होते, कारण ऊन तापू लागले की जमिनीवरून वर जाणारे हवेचे प्रवाह सुरू होतात आणि वारा बेभरवशाचा होतो. चालक आधी हेलियमचा छोटा फुगा सोडून वाऱ्याची दिशा पाहतो. वारा ताशी पंधरा-अठरा किलोमीटरच्या पुढे गेला, तर उड्डाण रद्द होण्याची तयारी ठेवावी आणि पैसे भरले आहेत म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नये.

कापड जमिनीवर पसरून पेट्रोलच्या पंख्याने त्यात थंड हवा भरतात. या वेळी ओढणी, मफलर, मोकळे केस आणि गळ्यात लोंबणारा कॅमेऱ्याचा पट्टा पंख्यापासून दूर ठेवावा. जाळी असली तरी पात्यांच्या रेषेत उभे राहू नये, कारण पात्याखाली आलेला खडा कोणत्या बाजूला उडेल हे सांगता येत नाही. टोपली दोराने गाडीला बांधलेली असते. तो दोर ताणलेला असताना त्यावरून उडी मारून पलीकडे जाणे किंवा टोपली आणि गाडी यांच्या मधे उभे राहणे टाळावे. फुग्याचे तोंड धरून उभे राहणाऱ्यांनी सुती कपडे आणि चामड्याचे हातमोजे घालावेत. नायलॉनचे जाकीट हवा तापवणाऱ्या बर्नरची झळ लागताच वितळून कातडीला चिकटते.

गॅसबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. बर्नरला गॅस पुरवणाऱ्या सिलिंडरमध्ये द्रवरूप प्रोपेन असतो. तो उणे 42 अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे गळणाऱ्या जोडावर पांढरे हिम साचते आणि तेथे उघडा हात लावला तर भाजल्यासारखी जखम होते. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने तो वर उडून न जाता खालीच साचतो. मावळातले भाताचे खाचर चारी बाजूंनी बांध असलेले, म्हणजे जणू उथळ परातच. म्हणून सिलिंडर भरण्याचे काम खाचरात करू नये, आणि वास आला की आधी विडी-सिगारेट, काडेपेटी आणि गाडीचे इंजिन यांचा विचार करावा.

फुगा उभा राहिला की टोपलीच्या काठावर हातांनी भार द्यावा, पण पाय जमिनीवरच ठेवावेत. टोपलीच्या पायखाचेत पाय अडकवू नये. दोर हाताला कधीही गुंडाळू नये. पाय जमिनीवरून सुटताहेत असे जाणवताच, त्याच क्षणी दोर सोडावा. आपण धरून ठेवल्याने फुगा थांबेल हा समज चुकीचा आहे, कारण आतल्या हवेचेच वजन दोन-तीन टन भरते. एका पहाटे माझ्या शेजारच्या तरुणाने ‘अजून थोडे धरतो’ म्हटले आणि तो हातभर वर उचलला गेला; सुदैवाने त्याने लगेच हात सोडले.

उतरल्यावर शेतात गर्दी जमते आणि मुले धावत येतात. त्यांना दूर उभे करण्यासाठी गावातलाच एखादा माणूस नेमावा. बाहेरच्याचे कोणी ऐकत नाही. चालकाने सांगितल्याशिवाय टोपलीतून कोणीही उतरू नये. 26 फेब्रुवारी 2013 रोजी इजिप्तमधील लक्सर येथे उतरणाऱ्या फुग्याला आग लागली, चालक आणि एक प्रवासी बाहेर पडले, वजन कमी झालेला जळता फुगा पुन्हा वर गेला आणि 19 जण मृत्युमुखी पडले. फुगा विजेच्या तारांत अडकल्यास कापडाला, टोपलीला किंवा दोराला हात लावू नये, सर्वांना लांब थांबवावे, महावितरणच्या 1912 या क्रमांकावर तसेच 112 वर कळवावे आणि वीज बंद झाल्याची खात्री पटेपर्यंत प्रवाशांना आतच बसू द्यावे.

कापडातली हवा तोंडाकडून शेंड्याकडे दाबत नेताना त्यावर बूट घालून चालू नये. कापड भरलेली पिशवी शंभर किलोच्या घरात जाते, ती चौघांनी गुडघे वाकवून उचलावी आणि गाडीत चढवण्याआधी प्रत्येक सिलिंडरची झडप बंद आहे का, हे एकाने हात लावून पुन्हा तपासावे.