बैठकीआधीचं काम: टीमला बदल पटवून द्यायचा कसा

भरल्या बैठकीत मन सहसा वळत नाही. चारचौघांसमोर घेतलेली बाजू सोडणं म्हणजे हार मानणं वाटतं, म्हणून तिथे माणूस आपलं आधीचंच मत आणखी जोरात मांडतो. मन वळतं ते त्याआधी, एकेकट्याशी झालेल्या बोलण्यात. एखादा मोठा बदल टीमपुढे न्यायचा असेल, तर बहुतेक वेळ या बोलण्यांना द्या आणि उरलेला सादरीकरणाला.

सुरुवात एका वाक्यानं करा: कोणी, कधीपासून, नेमकं काय वेगळं करायचं. ‘समन्वय वाढवायचा आहे’ हे कोणालाच पटवता येत नाही. त्याला सगळे माना डोलावतात आणि उठून पूर्वीसारखंच काम करतात. ‘पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून ग्राहकाची प्रत्येक तक्रार एकाच ठिकाणी, आल्यापासून २ तासांत नोंदवायची’ हे वाक्य चालेल. असं वाक्य लिहिता येत नसेल तर प्रस्ताव अजून कच्चा आहे.

मग नावं काढा. मंजुरी कोण देणार, काम कोणाचं वाढणार, कोणाच्या हातून काही जाणार, आणि पद नसतानाही बाकीचे कोणाच्या तोंडाकडे बघतात. ३० जणांच्या विभागातही अशी सहा-आठ नावंच निघतात. त्यांतल्या ज्याचं सर्वांत जास्त जाणार आहे, त्याला सर्वांत आधी भेटा. आपल्या बाजूच्यांना आधी गाठण्याचा मोह होतो, पण तेवढ्यात बातमी विरोध करणाऱ्याच्या कानावर दुसऱ्याकडून जाते. ‘सगळं ठरवून झाल्यावर मला विचारताहेत’ असं एकदा त्याला वाटलं की पुढचं बोलणं निम्मं वाया जातं.

काय जाणार हे कागदावर दिसत नाही. तक्रारींच्या उदाहरणात, वर्षानुवर्षं एक्सेल शीट सांभाळणाऱ्या व्यक्तीचं काम उलट कमी होणार असतं. तरी ती अडते, कारण आजवर प्रत्येक जण माहितीसाठी तिच्याकडे येत होता आणि आता कोणी येणार नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धान्त हेच सांगतो: जितका फायदा सुखावतो, त्यापेक्षा तितकाच तोटा जास्त बोचतो. म्हणून फायद्यांची यादी वाचून भागत नाही. त्या व्यक्तीचं काय टिकेल हे ठरवून जा. उदाहरणार्थ, नव्या नोंदीतले तक्रारींचे प्रकार तिनं ठरवायचे.

<b>एकेकट्याशी बोलताना</b>

प्रत्येकाला २० ते ३० मिनिटं द्या. लॅपटॉप उघडू नका. स्लाइड दिसली की समोरचा श्रोता होतो. पहिली १५ मिनिटं फक्त विचारा. ‘या कामात सध्या कुठे सर्वांत जास्त अडतं?’ ‘असा बदल केला तर तुमच्याकडे काय बिघडेल?’ ‘काय असेल तर तुम्हाला हो म्हणता येईल?’ तिसऱ्या प्रश्नानंतर गप्प राहा. ती शांतता अवघडल्यासारखी वाटते आणि बहुतेक विचारणारे समोरच्याचं उत्तर यायच्या आतच स्वतः बोलून ती मोडतात. उत्तर आलं की ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

आता आलेली हरकत कोणत्या जातीची आहे ते ओळखा, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. काही हरकती माहितीच्या असतात: ‘२ तासांत जमणार नाही.’ त्यांना आकडे चालतात. काही हिताच्या असतात: ‘माझ्या लोकांवर बोजा येतोय.’ इथे आकडे दाखवले की माणूस चिडतो. त्याला स्वतःचं गणित कळलेलं असतं, तुम्हाला ते दिसत नाही एवढंच त्याचं म्हणणं असतं. इथे प्रस्तावच बदलावा लागतो. आणि काही हरकती अविश्वासाच्या असतात: ‘मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात.’ यावर कोणताही युक्तिवाद चालत नाही. एखादं छोटं, तारखेसह दिलेलं आश्वासन आधी पाळून दाखवा, मग मूळ विषयाकडे या. अविश्वासाची हरकत बऱ्याचदा माहितीच्या हरकतीचा वेश घेऊन येते. तुम्ही एका शंकेचं निरसन केलं की लगेच दुसरी निघते, मग तिसरी. असं झालं की आकडे बाजूला ठेवा.

भेटी संपल्यावर प्रस्तावात खरोखर बदल करा आणि कोणाच्या सूचनेमुळे काय बदललं ते नावानिशी सांगा. बदलायला काहीच मोकळं नसेल तर तसं स्पष्ट म्हणा: ‘निर्णय झाला आहे, तो राबवायचा कसा हे आपण ठरवू.’ लोक हे ऐकून घेतात. विचारल्याचं नाटक मात्र ते विसरत नाहीत. संशोधक लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ मध्ये अमेरिकेतल्या एका पायजमा कारखान्यातला प्रयोग प्रसिद्ध केला. कामाची पद्धत बदलताना ज्या गटाला फक्त कळवलं गेलं, त्यातले १७ टक्के कामगार पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडून गेले. आखणीत सहभागी झालेल्या गटांतून कोणी गेलं नाही आणि त्यांचा वेगही लवकर पूर्ववत झाला.

<b>बैठक</b>

आता बैठक छोटी होते. आधी अडचण मांडा, लोकांनी वापरलेल्या शब्दांत. मग प्रस्ताव. मग सर्वांत मोठी हरकत स्वतःच्या तोंडानं सांगा आणि तिचं काय केलं तेही सांगा. तुम्ही टाळलीत तर ती दुसरा कोणीतरी उचलेल आणि तुम्ही लपवत होतात असं दिसेल. आकडे दोनच, फार तर तीन. वरिष्ठांनी शेवटी बोलावं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत डोळ्यांना उघड चुकीचं दिसणारं उत्तरही माणसं गटाच्या दबावाखाली देत होती. गटातला एक जरी जण बरोबर बोलला, तरी हे प्रमाण झपाट्यानं घटे. साहेब आधी बोलले की तो एक जण गप्प बसतो.

गप्प बसण्याला संमती समजू नका. प्रस्ताव किती पटला ते सगळ्यांना एकाच वेळी ० ते ५ बोटांनी दाखवायला सांगा: ० म्हणजे अजिबात नाही, ५ म्हणजे पूर्ण. ज्यांची २ किंवा कमी, त्यांना विचारा: ‘३ व्हायला काय लागेल?’ मग प्रत्येकानं आपण स्वतः पहिलं काय करणार ते मोठ्यानं सांगावं. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४३ मध्ये नोंदवलं आहे की प्राण्यांचे काळीज-गुर्दे स्वयंपाकात वापरा, असं व्याख्यानातून ऐकलेल्या गृहिणींपैकी ३ टक्क्यांनी ते केलं. आपसांत चर्चा करून शेवटी हात वर करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी.

तरीही कोणी अडून राहिलं तर २ ते ४ आठवड्यांची चाचणी एका गटात घ्या. यश कशावर मोजायचं आणि कधी थांबायचं हे विरोध करणाऱ्यालाच आधी लिहू द्या. चाचणी संपल्यावर निकष बदलू नका, निकाल तुमच्या विरुद्ध गेला तरी.

आग, अपघात, सुरक्षेचा प्रश्न असेल तेव्हा यातलं काहीच करू नका. आदेश द्या आणि कारण नंतर, पण त्याच दिवशी सांगा. आणि तुम्ही वापरत असलेली युक्ती समोरच्याला उघड सांगता येणार नसेल तर ती वापरू नका. ती फसवणूक असते, आणि ती उघडी पडली की पुढची प्रत्येक हरकत अविश्वासाची होते.

हो म्हणूनही लोक जुन्याच पद्धतीनं काम करतात, याचं सर्वांत साधं कारण म्हणजे जुनी वाट उघडी राहते. ठरलेल्या दिवशी जुनं शीट फक्त वाचण्यापुरतं ठेवा. पहिले दोन आठवडे रोज १० मिनिटं अडचणी ऐका, ज्या सुटल्या त्या दुसऱ्या दिवशी सर्वांना कळवा, आणि सहाव्या आठवड्यातली फेरविचाराची तारीख आजच कॅलेंडरवर टाका.